शंभर डॉलर व्हायच्या आधी

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. बाळ,

तुझ्या ब्लॉगवरचे सगळे लेख वाचून काढले. अस्सल कोल्हापुरी चप्पल ओळखायची कशी, तो लेख फक्कड जमलाय. कातड्याच्या वादीची शिलाई कुठं असते, कान कसा बसवतात, हे तू चप्पल लाईनला कारागिराच्या शेजारी बसून बघितलंयस, ते वाचताना कळतं. पण पत्राच्या शेवटी विचारलंयस, ‘काका, अ‍ॅडसेन्स मंजूर झालं, आता महिन्याला किती धरू?’ लेका, सध्या काहीच धरू नकोस. अ‍ॅडसेन्स ही गूगलची ब्लॉगवर जाहिराती लावून देणारी सोय. मंजुरी म्हणजे तुझ्या पानावर जाहिरात लावायची परवानगी. पगार सुरू झाला असं नव्हे.

हजार वाचकांमागं इतके, एका क्लिकला तितके, असे आकडे तुला कुणीतरी पढवलेत. तसा ठरलेला दर नसतो. मी पेपरच्या जाहिरात खात्यात नोकरी केली. तिथं दरपत्रक छापलेलं असायचं, कॉलम-सेंटिमीटर मोजला की बिल तयार. इथलं काम मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यासारखं आहे. ढेप तीच, पण त्या दिवशी व्यापारी किती आले आणि कुणाला कसला माल हवाय, त्यावर भाव निघतो. तुझं पान उघडलं रे उघडलं की त्या एका जागेसाठी असाच सौदा होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतोही. वाचक कुठल्या गावाचा-देशाचा, मोबाइलवर आहे की लॅपटॉपवर, काय घ्यायच्या बेतात आहे, यावर बोली लागते. तुझी मेहनत त्यात कुणी मोजत नाही.

म्हणून ‘वाचक वाढले की पैसे वाढले’ हे अर्धंच खरं. नवरात्रात अंबाबाईच्या पूजेचा फोटो टाकलास तर पानावर झुंबड उडेल. पण तो वाचक हात जोडतो आणि जातो, त्याला काही घ्यायचं नसतं. उलट हुपरीची चांदी घेताना काय बघावं, असा लेख रोज थोडेच लोक वाचतील, पण त्यांचा हात खिशाकडं गेलेला असतो. जाहिरातदार अशांच्या मागं असतो. याचा अर्थ फोटो टाकू नकोस असा नाही. टाक, आपलं गाव आहे. फक्त तिथून पैशाची वाट बघू नकोस. आणि भाव हंगामावरही हलतो. दिवाळीच्या आसपास कंपन्या हात सैल सोडतात, जानेवारीत आखडतात. तेव्हा आकडा पडला म्हणून लेखनाला दोष देत बसू नकोस.

आता हिशोब. आरपीएम म्हणजे हजार वेळा पान उघडल्यामागं पडलेली कमाई. ती मागाहून काढतात, आधी ठरत नाही. समजा तुझा आरपीएम ४० रुपये पडला. (हा आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय, तो घेऊन गावभर फिरू नकोस.) शिल्लक १०० डॉलर होईपर्यंत पैसे निघत नाहीत. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साडेआठ हजार. म्हणजे पानं दोन लाखांहून जास्त वेळा उघडायला हवीत. तुझी सध्या महिन्याला किती उघडतात, ते तूच बघ. शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, बुडत नाही, एवढाच दिलासा. शिवाय रोज जो आकडा दिसतो तो अंदाजी असतो. महिना सरल्यावर खोटे क्लिक वजा होतात, मग खरा आकडा पडतो आणि पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान सुटतात. त्यामुळं रात्री झोपताना तो आकडा बघायची सवय लावून घेऊ नकोस.

खोट्या क्लिकवरनं आठवलं. तुझ्या तालमीच्या ग्रुपवर ‘भावांनो, एकेक क्लिक मारा’ असा मेसेज टाकलायस म्हणे. आजच्या आज काढ. मदत वाटते, पण ती फसवणूक आहे. एका गल्लीतल्या चाळीस मोबाइलवरनं एका संध्याकाळी क्लिक येतात, जाहिरात उघडताच सगळे मागं फिरतात. हे यंत्राला कळायला वेळ लागत नाही. मग कमाई कापून जाहिरातदाराला परत करतात. खातं बंद झालं तर अर्ज करता येतो, पण तो मानला नाही तर सहसा दुसरं खातं काढू देत नाहीत. स्वतःच्या जाहिरातीवर तर बोटही लावायचं नाही, ‘उघडते का बघूया’ म्हणूनसुद्धा नाही. आणि तशीही २०२४ पासून गूगल मुख्यतः जाहिरात दिसण्यावर पैसे देतं, त्यामुळं पोरांच्या क्लिकनं फार काही हाती लागत नाही.

जास्त जाहिराती म्हणजे जास्त पैसे, हाही असाच एक समज. तुझ्या तांबड्या रश्श्याच्या लेखात मसाल्याचं वाटण सापडेपर्यंत मला पाच जाहिराती ओलांडाव्या लागल्या. घाईतला माणूस त्याआधीच मागं फिरेल. दोन ठेव, बाकीच्या काढ.

‘ब्लॉगवरच्या जाहिरातीतनं पन्नास हजार कमवा’ म्हणत शिकवण्या विकणाऱ्या कोर्सवाल्यांबद्दल एवढंच म्हणतो, की खरंच तेवढे सुटत असते तर त्यांना कोर्स विकायची वेळ आली नसती.

तुझ्यासारख्या गावाबद्दल लिहिणाऱ्याला खरा पैसा थेट जाहिरातीत आहे, असं माझं मत. पन्हाळ्यावरचा एखादा होमस्टेवाला किंवा महाद्वार रोडवरचा दुकानदार महिन्याला हजार-दीड हजार देऊ शकला, तरी अ‍ॅडसेन्सला गाठायला वेळ लागेल. त्याच्याकडं जाताना लाखाच्या गप्पा मारू नकोस. महिन्याला किती लोक येतात आणि त्यातले कोल्हापूर-सांगलीचे किती, हे अ‍ॅनालिटिक्सच्या, म्हणजे वाचक मोजणाऱ्या साधनाच्या, पानासकट दाखव. तो एकच विचारेल, ‘फोन येतील का?’ म्हणून त्याचा नंबर जाहिरातीत ठळक घाल आणि महिन्यानं जाऊन किती फोन आले ते विचार. पैसे किंवा फुकटची थाळी घेऊन लिहिलंस, तर लेखाच्या सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असं लिही. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये त्याचे नियम काढलेत. नियम नसते तरी मी तुला हेच सांगितलं असतं. आणि ही कमाई, गूगलची असो की दुकानदाराची, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायची असते.

एक काम मात्र लगेच कर. कमाई १० डॉलर झाली की पत्ता तपासायला पोस्टानं पिन, म्हणजे एक आकडी कोड, येतो. चार महिन्यांत तो खात्यात भरला नाही तर जाहिराती दिसायच्या बंद होतात. तू पत्त्यात नुसतं तालमीचं नाव टाकलंयस. घर नंबर, गल्ली, पेठ, पिनकोड सगळं नीट लिही आणि खात्यावरचं नाव बँकेतल्या नावासारखंच ठेव.

तुझा,
काका