संघर्षग्रस्त भागात लोकांना रोजगार दिला की शांतता टिकते का?

टिकते, पण नुसत्या रोजगाराने नाही. मी ग्वाल्हेरचा, लष्कर नावाच्या भागातला, म्हणून उदाहरण शेजारच्या चंबळचं देतो.

1960 मध्ये विनोबांच्या पदयात्रेत 20 बागी शरण आले. (इकडे 'डाकू' म्हटलेलं आवडत नाही, बागीच म्हणायचं.) मग एप्रिल 1972 मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौरा इथे मोहर सिंह, माधो सिंह वगैरे टोळीप्रमुखांनी जयप्रकाशांसमोर बंदुका ठेवल्या. फाशी होणार नाही हा भरवसा आधी, नंतर खटले, शिक्षा, मुंगावलीचा खुला तुरुंग. गांधीवादी कार्यकर्ते एस. एन. सुब्बाराव यांचा आश्रम जौऱ्यात 1970 पासूनच काम करत होता, म्हणजे मध्यस्थ अनोळखी नव्हते. याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो.

तरी टोळ्या संपल्या नाहीत. फुलनदेवी 1983 मध्ये याच भागातल्या भिंडला शरण आली. कारण मूळ भांडण जमिनीचं आणि सुडाचं. बीहड, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळी, दरवर्षी शेत खातं, बांधावरून वैर होतं. शिलाई मशीन वाटून ते मिटत नाही. शिवाय शरण आलेल्याचं पुनर्वसन झालं आणि ज्याचा मुलगा मारला गेला तो तसाच राहिला, तर नवी ठिणगी पडतेच. पीडित घरांची मदत त्याच योजनेत, त्याच दिवशी हवी.

धंदा निवडताना स्थानिक पीक बघा. मुरैनाकडे मोहरी भरपूर, म्हणून मधमाशीपालन जमलं. मधपेट्या मात्र रात्रभर उघड्या शेतात ठेवाव्या लागतात. शेजाऱ्यावर विश्वास नसेल तिथे आधी तंटे सोडवा, पेट्या पुढच्या हंगामात.