‘ट्रॉमा’साठी धक्का, आघात की धसका?

दादरच्या एका वाचकाने विचारले आहे की, मराठी माहितीपत्रकात मानसिक ‘ट्रॉमा’साठी धक्का, आघात, धसका यांपैकी कोणता शब्द घ्यावा आणि त्यातून बाहेर येण्याला ‘बरे होणे’ म्हणावे की ‘सावरणे’.

‘ट्रॉमा’ तसाच ठेवू नये, असे माझे मत आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम, आणि मुंबईत तो अजून त्याच अर्थाने चालतो. जोगेश्वरीच्या पालिकेच्या ट्रॉमा केअर रुग्णालयाचे नाव ऐकले की हायवेवरचा अपघातच डोळ्यांपुढे येतो. शीर्षकात ‘मानसिक आघात’ हा रुळलेला शब्द घ्यावा. ‘धक्का’ अपुरा पडतो, कारण तो ओसरतो. भयंकर प्रसंगानंतर काही दिवस झोप न लागणे, दचकणे हे पुष्कळांना होते आणि बहुधा आपोआप कमीही होते. महिना उलटूनही तोच प्रसंग नकोसा होऊन समोर येत राहिला, तर मात्र ती वेगळी अवस्था असते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत तिला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) हे नाव दिले.

तिच्या सर्वांत जवळ जातो तो ‘धसका’. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्यातून वाचलेला कोणी फटाक्याच्या आवाजानेही अंग चोरत असेल, फर्स्ट क्लासचा डबा समोर आला की ‘पुढची पकडू’ म्हणत फलाटावरच थांबत असेल, तर घरचे म्हणतात, ‘त्याने धसका घेतलाय.’ मेख या क्रियापदात आहे. धक्का बसतो, धसका मात्र माणूस ‘घेतो’, हाय ‘खातो’, जणू त्याने ते हौसेने केले, आणि मग घेतला तसा सोडूनही दे, हा सल्ला ओघानेच येतो. वास्तविक धोका टळल्यावरही शरीर सावधच राहते, ते त्याच्या हातात नसते. म्हणून पत्रकात ‘धसका बसणे’ असेच लिहावे.

‘बरे होणे’ म्हटले की आठवण पुसली जाईल, अशी अपेक्षा निर्माण होते. उपचारांत, म्हणजे प्रशिक्षित तज्ज्ञाच्या सोबतीने घडलेले टप्प्याटप्प्याने सांगताना किंवा टाळलेल्या जागी पुन्हा जाताना, आठवण राहते पण तिची पकड सैल होते. त्याला ‘सावरणे’ चपखल बसते. आज्ञार्थ तेवढा टाळावा, कारण मयताच्या घरी ‘सावर स्वतःला’ म्हणजे रडणे आवर, असाच अर्थ होतो. ‘सावरायला मदत मिळते’ असे लिहून लगेच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तिथे मराठीतून बोलता येते.