घड्याळावर ‘स्विस मेड’ लिहायला सगळे भाग स्वित्झर्लंडचेच लागतात का?

नाही, सगळे लागत नाहीत. २०१७ पासूनचा नियम असा: उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला हवा. शिवाय आतलं यंत्र स्विस हवं, ते केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या आवरणात) बसवणं आणि शेवटची तपासणीही तिथेच. हे जमलं, की काच किंवा काटे बाहेरून आणले तरी चालतं.

खाण्याच्या वस्तूंना ‘स्विस’ म्हणायचं गणित जास्त कडक. कच्च्या मालाचं ८० टक्के वजन तिथलं हवं; दूध असेल तर पूर्ण १००. कोको तिथे पिकतच नाही, म्हणून तो हिशेबातच धरत नाहीत. (सोय बघा!)

टोब्लेरोन या स्विस चॉकलेटचं थोडं उत्पादन स्लोव्हाकियात न्यायचं ठरलं, तेव्हा २०२३ मध्ये वेष्टनावरचा मॅटरहॉर्न, म्हणजे स्वित्झर्लंडची ओळख असलेला डोंगर, काढावा लागला. आता वेष्टनावर एक बिननावाचा डोंगर आहे.