अकराचं दुखणं, सहा वाजल्यापासून

गुडघ्याच्या नाहीतर खांद्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते : "ऑपरेशन निभावलं हो, पण हा फिजिओचा व्यायाम सोसवत नाही."

गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचंही तेच होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). गुडघा बदललेला, घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून आमचं बोलणं व्हिडिओ कॉलवर चालायचं.

"बाई, दुखायला कधी लागतं?"

"सकाळी सहाला डोळा उघडला की."

"फिजिओ येते कधी?"

"अकराला."

"पाय वाकवून धरते तो किती वेळ?"

"एका खेपेला अर्धं मिनिट..." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे पाच तास मी नुसती धास्तीच घेऊन बसते."

हे मी सांगितलं असतं तर वाया गेलं असतं. ते त्यांनाच दिसलं, आणि मला याच क्षणाची वाट होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून हेच मांडलं : दुखणं खरं असतं, पण 'हे मला सहनच होणार नाही' असं स्वतःला बजावत राहिलं की ते कैकपटीने वाढतं.

दुखणं मनाचा खेळ आहे, असं मी कुणालाच म्हणत नाही. गुडघा वाकवला नाही तर आत व्रण घट्ट होतो. साधं खुर्चीत बसायलाही सुमारे ९० अंश वाकावा लागतो. ताण द्यावाच लागतो, तो किती हे फिजिओ ठरवते. पण कधी सोडायचं, हे पेशंटला आधी ठाऊक असावं.

म्हणून आम्ही तिघींनी ठरवलं : बाईंनी बेचा पाढा मोठ्याने म्हणायचा, 'बे दाहे वीस'ला पाय सोडायचा. मोठ्याने म्हणताना श्वास रोखून धरता येत नाही. एरवी त्या चादर मुठीत धरून श्वास कोंडायच्या, मांडी कडक व्हायची आणि जास्तच दुखायचं. काही आठवड्यांनी बाई आपण होऊन तेराच्या पाढ्यावर गेल्या. तो म्हणायला वेळ जास्त लागतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ही युक्ती कुठल्या पुस्तकातली नाही, म्हणून मला ती फार जवळची वाटते.

वेदनाशामक गोळी फिजिओच्या किती आधी घ्यायची, ते डॉक्टरांना विचारा. घरच्यांनी "थोडं सहन कर" म्हणण्याऐवजी शेजारी बसून पाढा म्हणावा. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला, तर मात्र व्यायाम थांबवून लगेच सर्जनना फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.