मायग्रेशनला फ्लोट नसतो

तुमची पोस्ट वाचली आणि बारा वर्षांपूर्वीचा मीच समोर आलो. निपाणीकडचं गाव, दहावीपर्यंत मराठी, बेळगावात बीएस्सी, आता सीमेपलीकडं ऑपरेशन्स रिसर्चला (आहे त्या साधनांत सगळ्यात चांगला निर्णय काढायचं गणित) तात्पुरता प्रवेश. मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायला लागणारा जुन्या विद्यापीठाचा दाखला, हातात नाही आणि ट्रान्सपोर्टेशनची गणितं (कारखान्यांतून गोदामांत कमीत कमी खर्चात माल कसा धाडायचा ती) मोडी पद्धतीला (लिपी नव्हे, केलेलं वाटप तपासून सुधारायची रीत) येऊन अडकतात. सगळं तेच!

सिम्प्लेक्स या मूळ पद्धतीवर लिहीत नाही, ते पुस्तकात आहे. मोडीला अडकता ते बहुधा डिजनरसीमुळं, म्हणजे भरलेली घरं कमी पडल्यामुळं. ३ कारखाने, ४ गोदामं असली की ३ + ४ − १ म्हणजे तक्त्यातली ६ घरं भरलेली हवीत. वाटप करताना कधी ओळीतला पुरवठा आणि स्तंभातली मागणी एकदमच संपते, आपण खुशाल दोन्ही खोडतो आणि ५ च घरं भरतात. मग मोडीला लागणाऱ्या ओळींच्या यू आणि स्तंभांच्या व्ही या किमती निघत नाहीत. एका रिकाम्या घरात एप्सिलॉन (जवळजवळ शून्य धरायचा आकडा) टाका, पण भरलेल्या घरांशी बंद लूप होणार नाही अशाच घरात. मी वाट्टेल तिथं टाकायचो.

ते मार्क गेले तर गेले. माझं वर्ष गेलं ते मायग्रेशनपायी. कुठलं कार्यालय ते विचारू नका. खिडकीवर मूळ मार्क्स कार्डं दिली, पोच मागितली नाही. हीच ती चूक. खिडकीवरून उत्तर, 'नाळे बन्नी', उद्या या. (भुताला परतवायला दारावर 'नाळे बा' लिहितात म्हणे, इथं भूत मीच.) तिसऱ्या खेपेला कळलं, दहावीच्या कार्डावर आडनाव शेवटी आहे, डिग्रीच्या कार्डावर आधी, ॲफिडेव्हिट आणा. आणलं. चौथ्या खेपेला साहेबांनी आवक रजिस्टर उघडलं, बोट वरून खाली फिरवलं, पान उलटलं, पुन्हा फिरवलं. "तुम्ही दिलंच नाही." डुप्लिकेट कार्डं निघेपर्यंत मुदत संपली, प्रवेश रद्द.

सीपीएम (कामांचा क्रम आणि वेळ आखायची पद्धत) शिकणारा माणूस मी! मायग्रेशनला भरपूर फ्लोट, म्हणजे उशीर झाला तरी चालेल असा मोकळा वेळ, आहे असं धरून आधी हॉस्टेल, पुस्तकं, बसचा पास बघत बसलो. क्रिटिकल पाथवर, म्हणजे जिथं उशीर झाला की सगळंच लांबतं तिथं, तेवढं एकच काम होतं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: अभ्यास आठवडाभर बाजूला ठेवा, आधी कागद. मूळ प्रत देण्याआधी झेरॉक्स काढा आणि तिच्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नावाचा फरक असेल तर ॲफिडेव्हिट पहिल्याच खेपेला न्या. माझा अनुभव जुना आहे, नियम बदलले असतील. प्रवेश घेताय तिथं मुदतवाढीचं लेखी विचारा, फोनवरचं 'चालेल' धरू नका.

आणि कानडी येत असेल तर खिडकीवर कानडीतच सुरुवात करा. भाषेचा वाद मला इथं काढायचा नाही, पण माझा अनुभव असा की समोरच्याची मान निदान वर होते. ॲफिडेव्हिटचा नमुना माझ्याकडं आहे, हवा असेल तर सांगा.