मुलीची बोटं लय लांब अन् बारीक आहेत, हा काही जेनेटिक आजार असतो का?

तुम्ही लिहिलंय मुलगी 11 वर्षांची आहे अन् शाळेतल्या बाईंनी शंका काढली. निस्ती बोटं लांब म्हणजे आजार नसतो बरं का, आमच्या आईची तशीच आहेत, कापूस वेचायला तिच्या बरोबरीला कुणी येत नाही अन् साठीतही ठणठणीत आहे.

माझ्या चुलतभावाचं मात्र वेगळं निघालं. परभणीकडचं आमचं गाव, हा दहावीतच सहा फुटाचा, छाती मधी दबलेली, उंची बघून सगळ्यांनी व्हॉलीबॉलला नेटजवळ उभा केला. चष्म्याचा नंबर दुसरीपासून वाढतच होता, घरचे म्हणायचे टीव्ही लय बघतो. शेवटी संभाजीनगरला डोळ्याच्या डॉक्टरांनी बघितलं तर डोळ्यातलं भिंग जागचं सरकून वर गेलेलं. मग त्यांनी अंगठा मुठीत दाबायला लावला, तर अंगठ्याचं पेरच करंगळीच्या बाजूनं बाहेर! मनगट दुसऱ्या हातानं धरायला लावलं तर अंगठा करंगळीच्या नखावर चढला. म्हणले आजच टुडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, हृदयापाशीच फुगलेली होती. मारफान सिंड्रोम.

यात एफबीएन-1 जीन बिघडतो, त्यामुळं शरीराला धरून ठेवणारे धागे कच्चे राहतात. साधारण 5000 जणांत एकाला असतो, आईबापापैकी एकाला असला तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता, पण चारातल्या एकाच्या घरात आधी कुणालाच नसतो. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन 1986 ला जपानमधी मॅच चालू असतानाच गेली, महाधमनी फाटून, अन् तिला हा आजार होता हे मेल्यावर कळलं. ते वाचल्यापासून काकूनं भावाचा बॉलच माळ्यावर टाकला. तो रोज गोळी घेतो, वर्षाला इको करतो, बाकी नोकरीबिकरी सगळं नीट चालू आहे.

अशीच बोटं होमोसिस्टिनुरिया नावाच्या दुसऱ्या जेनेटिक आजारात पण असतात, त्यात भिंग बहुतेक खाली सरकतं अन् रक्ताच्या गुठळ्या होतात, ते रक्तलघवीच्या तपासणीत कळतं. बील्स सिंड्रोममधी बोटं जन्मतःच आखडलेली अन् कान चुरगळल्यासारखे. 1896 ला मारफान नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ज्या पोरीचं वर्णन केलं तिला हाच बील्स असावा असं आता बरेच जण मानतात, म्हणजे नाव एकाचं अन् आजार दुसराच.

तुम्ही पोरीला भिंतीला टेकवून दोन्ही हात पसरून मोजा, उंचीपेक्षा बरेच जास्त भरले, जाड चष्मा असला, पाठ वाकडी किंवा घरात कुणी तरणंताठं अचानक गेलेलं असलं, तर बोटं राहू द्या, आधी इको अन् डोळे बघून घ्या.