मसाल्याच्या चार वह्या

प्रश्न : वडिलांचं युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून त्यावर वाचत होतो. त्यात कळलं, की प्राचीन पूर्वजांमधलं एक प्रथिन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पुन्हा तयार केलं. इतकं जुनं प्रथिन टिकतं तरी कसं? की सगळा अंदाजच?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ते टिकलेलं नाही. आज जगणाऱ्या प्राण्यांच्या जनुकांवरून ते ताडलेलं आहे.

माझ्या आजीच्या गोड्या मसाल्याचा कागद हरवला. उरल्या तीन मावश्यांच्या वह्या. त्या मी ओट्यावर शेजारीशेजारी उघडून ठेवल्या. गिरगावच्या आणि दादरच्या वहीत नागकेशर नाही, वसईच्या वहीत आहे. दोनास एक, म्हणजे आजीही घालत नसणार? पण दादरच्या मावशीने गिरगावच्या वहीवरून उतरवून घेतलं होतं, दोघींकडे ‘दगडफुल’ असंच ऱ्हस्व. म्हणजे त्या दोन वह्यांची साक्ष एकच. मग आजीच्या बहिणीची वही मागवली, तिच्यात नागकेशर निघालं. आजी घालत होती.

इथेही असंच. नुसतं बहुमत चालत नाही, आधी कोण कुणापासून फुटलं याची वंशावळ लागते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या मण्यांची माळ. मग माळेतल्या प्रत्येक जागी पूर्वजाकडे कोणतं अमिनो आम्ल असण्याची शक्यता किती, हे संगणक काढतो. त्याबरहुकूम जनुक रसायनांतून बनवतात, जिवाणूत घालतात आणि तो ते प्रथिन तयार करतो. ही कल्पना पॉलिंग आणि झुकरकांडल या शास्त्रज्ञांनी 1963 मध्येच मांडली होती. जिथे दोन पर्यायांत शंका उरते, तिथे दुसरा पर्यायही बनवून तपासता येतो. निष्कर्ष तोच आला तर भरवसा वाढतो. म्हणून याला मी नुसता अंदाज म्हणणार नाही.

तुम्ही वाचलेलं प्रथिन बहुधा युरिकेज. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते युरिक अ‍ॅसिड फोडतं. ते काम करतंय का, हे डोळ्यांसमोर दिसतं: युरिक अ‍ॅसिड 293 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतं, त्यात युरिकेजचा थेंब टाकला की यंत्रावरचा आकडा उतरू लागतो. माणसात हे प्रथिन बनतच नाही. जनुक आहे, पण मजकुरात मध्येच ‘थांबा’ अशी खूण पडली आहे. 2014 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पूर्वजांची युरिकेजं बनवून पाहिली. सर्वांत जुनं चांगलं जोमदार निघालं, आणि माणूस-वानरांच्या वाटेवर जसजसं अलीकडे यावं तसतसा त्याचा जोर ओसरलेला दिसला. म्हणजे जनुक बंद पडण्याच्या कितीतरी आधीपासून ते मंदावत होतं. हे कुठल्याही हाडातून कळलं नसतं, आणि म्हणूनच मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

वडिलांनी औषध-पथ्य डॉक्टर सांगतील तसं पाळावं. पण ‘खाण्यावर ताबा नाही म्हणून झालं’ असं घरात कुणी त्यांना ऐकवत असेल, तर ही हकिगत जरूर सांगा.